‘मनगट झटक, कोपर वर’ ही शिकवण आता सोडायला हवी

संपादक महोदय,

सॉफ्टबॉलच्या मोसमात लहान मुलींचा पिचिंगचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकण्याचा, सराव पाहायला उभे राहिले की दोन सूचना हमखास कानावर येतात : ‘मनगट झटक’ आणि ‘चेंडू सुटला की कोपर वर घे’. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एका गुडघ्यावर बसवतात, हात मांडीशी धरायला सांगतात आणि नुसत्या मनगटाने चेंडू टाकून घेतात. पूर्ण विंडमिल, म्हणजे हात खांद्याभोवती गोल फिरवून खालून चेंडू टाकणे, नंतर कधीतरी. ही सुरुवातही चुकीची आहे आणि त्यामागची समजूतही, असे आमचे मत आहे. तसे का वाटते आणि त्याऐवजी काय शिकवावे, हे प्रशिक्षक व पालक यांच्यासाठी जरा विस्ताराने लिहितो. पत्र लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास शेवटचे आकडे तेवढे राखावेत, ही विनंती.

पुढचे सगळे वर्णन उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलीचे आहे. डावखुऱ्या मुलींसाठी उजवे-डावे उलटे करावे आणि तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे मैदानावरचे धावण्याचे थांबे) जागी पहिला बेस धरावा. हाताची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो. तिसऱ्या बेसवर उभे राहून पिचरकडे पाहा : होम प्लेटच्या (चेंडू मारणारी बॅटर जिथे उभी राहते त्या) बाजूला ३, डोक्यावर १२, दुसऱ्या बेसच्या बाजूला ९ आणि खाली मांडीपाशी ६. हात ६ वरून निघतो आणि ३, १२, ९ असा फिरून पुन्हा ६ वर येतो.

कोणत्याही वरच्या दर्जाच्या पिचरची चित्रफीत संथ गतीने पाहावी. १२ वर हात असताना तळहात तिसऱ्या बेसकडे वळलेला असतो. ९ वर येताना कोपर किंचित वाकलेले असते आणि तळहात वरच्या अंगाला असतो, म्हणजे चेंडू हातावर ठेवल्यासारखा दिसतो. तिथून आधी दंड खाली येतो. तो बरगड्यांना टेकतो आणि मंदावतो. दंड मंदावला की मागे राहिलेला कोपराखालचा हात सुसाट पुढे येतो, नितंबाला हलके घासतो, आणि त्याच क्षणी आतल्या बाजूला वळतो. करंगळीची बाजू पुढे ठेवून खाली आलेला हात चेंडू सुटताना आत फिरलेला दिसतो तो यामुळे. चाबकाची मूठ थांबली की टोक सुटते, तसाच हा प्रकार आहे. मनगट या साऱ्यात फक्त सैल असायला हवे. ते आपोआप चालते, चालवावे लागत नाही.

आता ‘कोपर वर’ पद्धतीत काय होते ते पाहा. मुलीला ९ वर चेंडू दुसऱ्या बेसला ‘दाखवायला’ सांगतात. तळहात मागे वळला की उरलेला सगळा मार्ग हात चेंडूच्या मागे राहून त्याला ढकलत येतो. दंड बरगड्यांशी मंदावत नाही, हात आत वळत नाही, वेगाचा मुख्य झराच बंद होतो. मग उरते ते मनगट वर ओढणे आणि कोपर कानापर्यंत नेणे. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद जातो. एवढ्या वेळात ‘आता मनगट झटकायचे’ असा विचार करून कोणालाच झटकता येत नाही. कोपर वर जाते ते तर चेंडू सुटल्यावर, त्यामुळे त्याचा चेंडूवर काहीच परिणाम होत नाही, असे कोणी म्हणेल. परिणाम होतो, आणि वाईट होतो. शेवटी कोपर उचलायचे आहे हे डोक्यात बसलेली मुलगी चेंडू सुटण्याच्या आधीच उचलायला लागते. दंडाचा पुढचा स्नायू आकसतो, हात आवळतो आणि नेमका जिथे सर्वांत वेगात असायला हवा तिथेच मंदावतो.

गुडघ्यावर बसून करायच्या मनगटाच्या सरावाचा दोषही इथेच आहे. तो सराव तळहात कॅचरकडे, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूकडे, रोखून सुरू होतो. प्रत्यक्ष पिचिंगमध्ये ही स्थिती कधी येतच नाही. शेकडो वेळा गिरवलेली ही खोटी स्थिती नंतर मोडायला जितके महिने लागतात, तितक्यात नव्या मुलीचे पूर्ण तंत्र बसते.

हाताने शरीराला घासून जावे, हे सांगितल्यावर काही पालक दचकतात. आंतरराष्ट्रीय नियमच पाहा : चेंडू सुटताना हात नितंबाच्या खाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून अधिक लांब नको. म्हणजे हात अंगाजवळून जाणे नियमालाही अभिप्रेत आहे. मात्र स्पर्श हलका हवा. मुलीच्या नितंबावर किंवा कोपराखाली काळे-निळे वळ उठत असतील, तर हात आपटतो आहे. अशा वेळी हात अंगापासून लांब न्यायला सांगू नये. नितंब हाताच्या वाटेत का आले, ते शोधावे.

त्यासाठी पायांकडे यावे लागते. पिचिंग प्लेटच्या (पिचर जिच्यावरून चेंडू टाकते त्या पट्टीच्या) मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत चुन्याची एक रेषा आखा. उजव्या पायाची टाच प्लेटच्या पुढच्या कडेवर आणि डाव्या पायाचा चवडा मागच्या कडेला, ही सोपी सुरुवातीची उभारणी. वजन आधी थोडे मागे, मग पुढे. उजवा गुडघा वाकतो, नडगी पुढे झुकते आणि मग त्या पायाने प्लेटला मागे रेटा द्यायचा. मुली बहुधा रेटा न देता नुसते पाऊल टाकतात. डावा पाय पुढे जातो आणि धड मागेच राहते. रेटा खरा असेल तर कंबर पायाबरोबरच निघते. पाऊल किती लांब? नवशिक्या मुलीचे तिच्या उंचीच्या ८० टक्क्यांपर्यंत गेले तरी चांगले. तंत्र बसल्यावर ते उंचीइतके किंवा त्याहून जास्तही होते. मोजण्यासाठी टेप लागत नाही, मुलीला रेषेवर आडवे झोपवून खूण केली की झाले.

पाऊल हवेत असताना धड तिसऱ्या बेसकडे उघडते. डावा पाय रेषेवर किंवा रेषेच्या किंचित डावीकडे टेकावा आणि बोटे होम प्लेटच्या दिशेपासून तिसऱ्या बेसकडे साधारण ३० ते ४५ अंश वळलेली असावीत. पाय टेकतो तेव्हा हात १२ आणि ९ यांच्या मध्ये असतो. या एका क्षणाचे चित्र थांबवून पाहिले तरी निम्मे दोष कळतात. हात ६ पर्यंत पोहोचला आणि पाय अजून हवेतच आहे, म्हणजे अंगाचा वेग हातात उतरायला जागाच उरली नाही. बोटे सरळ कॅचरकडे वळली की कंबर लवकर बंद होते आणि नितंब हाताच्या वाटेत येते. पाय रेषा ओलांडून उजवीकडे पडला तरी तेच होते : हाताला अंगाला वळसा घालून यावे लागते, मुलगी डावीकडे कलते आणि चेंडू कधी इकडे, कधी तिकडे. काळ्या-निळ्या वळांचे मूळ या दोनपैकी एका गोष्टीत असते.

पुढचा पाय टेकल्यावर ठाम राहायला हवा. गुडघा किंचित वाकलेला, पण खाली बसणारा नको. प्लेटपासून आणलेला वेग या पायाशी अडतो, म्हणूनच तो कंबर, धड आणि हात यांत चढतो. पुढचा गुडघा लुळा पडला किंवा मुलगी कमरेत पुढे वाकली, तर वेग जमिनीत जातो आणि खांद्याला एकट्याने काम करावे लागते. ‘पुढे झुक, जोर लाव’ असे ओरडणारे प्रशिक्षक नेमके हेच घडवून आणतात. धड सरळ किंवा केसभर मागेच हवे, आणि चेंडू सुटताना डोके पुढच्या पावलाच्या मागे असावे.

मागचा पाय चवडा घासत रेषेवरून पुढे ओढला जातो. तो उचलून पुढे टेकवून तिथून पुन्हा रेटा दिला, तर तो ‘क्रो हॉप’ होतो आणि नियमाबाहेर जातो. दोन्ही पाय हवेत जाण्याबद्दल वेगवेगळ्या नियमपुस्तकांत वेगवेगळे लिहिले आहे. आपली स्पर्धा कोणत्या नियमांनी खेळली जाते, ते प्रशिक्षकाने मोसमाआधी वाचावे, पंचाने हात वर केल्यावर नव्हे.

हे सगळे एकदम शिकवायला जाऊ नये. आमचा क्रम असा आहे. जाळीपासून तीन मीटरवर मुलगी छाती तिसऱ्या बेसकडे ठेवून उभी राहते, पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त फाकलेले, पुढची बोटे ४५ अंशांत. हात ९ वर, तळहात वर. तिथून दंड बरगड्यांवर पडू द्यायचा आणि चेंडू जाळीत जाऊ द्यायचा. बस, एवढेच. चेंडूऐवजी सुरुवातीला मोज्यांचा गोळा घेतला तर उत्तम, कारण मूठ आवळायची सवय सुटते. दहापैकी आठ वेळा हलका स्पर्श होऊन कोपर खाली आणि सैल राहू लागले की १२ पासून. मग पाय जागेवर ठेवून पूर्ण चक्र. मग एक पाऊल, आणि सगळ्यात शेवटी पिचिंग प्लेट. प्रत्येक टप्प्यावर १५ चेंडूंच्या दोन फेऱ्या पुरतात. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास. पुढच्या टप्प्यावर स्पर्श हरवला की मुकाट मागच्या टप्प्यावर यायचे. पालकांना हे अधोगतीसारखे वाटते, तशी ती नसते.

जाळीवर लक्ष्य मात्र लटकवू नये. निदान पहिले दोन महिने तरी नको. या मुद्द्यावर प्रशिक्षकांत वाद आहेत, पण आमचा अनुभव एकाच बाजूला झुकतो. चौकट समोर दिसली की मूल हात मंदावून चेंडू ‘नेऊन सोडू’ लागते. त्या मंद हाताने स्ट्राइक (नेमाच्या चौकटीतून जाणारे चेंडू) पडतात, टाळ्या मिळतात, आणि बाराव्या वर्षी बॅटर मोठ्या झाल्या की तोच चेंडू सहज मारला जातो. तेव्हा हात वेगवान करायला गेले की नेम जातो, कारण वेगाने टाकायचा सराव कधी झालेलाच नसतो. आधी पूर्ण वेगाने, सारखीच हालचाल यावी. हालचाल सारखी झाली की नेम दुरुस्त करणे सोपे जाते, कारण दोषही सारखाच असतो. चेंडू सतत वर जातो आहे, तर तो ६ नंतर उशिरा सुटतो आहे. सतत खाली आपटतो आहे, तर ६ च्या आधीच सुटतो आहे. फक्त ‘खाली टाक’ म्हणून मुलीला काही कळत नाही. पुढे वाकल्याने किंवा पाऊल आखूड पडल्याने सुटण्याची वेळ बिघडली आहे का, ते आधी पाहावे.

पकड हा छोटा विषय, पण लहान हातांना तो फार नडतो. चेंडू बोटांत हवा, तळहातात नको. चेंडू आणि तळवा यांच्यात थोडी फट दिसायला हवी. बोटांची टोके शिवणीवर, तिच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणाला आडवी. लहान हाताला दोन बोटे पुरत नसतील तर तीन किंवा चारही लावावीत. एवढे करूनही चेंडू तळव्यात रुतत असेल, तर दोष चेंडूच्या आकाराचा आहे. नेहमीचा सॉफ्टबॉल १२ इंच परिघाचा आणि साधारण १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो. दहा वर्षांखालील मुलींसाठी ११ इंची चेंडू मिळतो, तोच वापरावा.

अंतराचेही तसेच. महिलांच्या खुल्या गटात पिचिंग प्लेट ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. पुरुषांत ४६ फूट, १४.०२ मीटर. दहा वर्षांखालील मुलींना ३५ फूट (१०.६७ मीटर) आणि बारा वर्षांखालील मुलींना ४० फूट (१२.१९ मीटर) हे अंतर अनेक ठिकाणी रूढ आहे. सगळ्या गटांचे सामने एकाच मैदानावर घेऊन प्लेट हलवायचा कंटाळा करणारे आयोजक त्या मुलींना कमानीसारखा चेंडू फेकायला शिकवत असतात. प्लेट हलवायला पाच मिनिटे लागतात.

दुसरा चेंडू कोणता शिकवावा, हे पालक फार लवकर विचारतात. चेंज-अप, आणि त्यानंतर बरेच दिवस काहीच नाही. हाताचा वेग तोच ठेवून चेंडूचा वेग कमी करायचा, म्हणून त्यात तंत्र मोडत नाही आणि सांध्यांवर नवा ताणही येत नाही. ड्रॉप, म्हणजे बॅटरजवळ खाली पडणारा चेंडू, त्यानंतर. राइज बॉलचे वेड मात्र आवरावे. खरा राइज म्हणजे उलटी फिरकी असलेला चेंडू, आणि तोही वर चढत नाही. नेहमीच्या चेंडूपेक्षा कमी पडतो, म्हणून बॅटरला चढल्यासारखा वाटतो. ती फिरकी देण्याइतका वेग आणि हाताची ताकद नसलेली मुलगी मागे झुकून, खांदा खाली टाकून चेंडू नुसता वर फेकते. फिरकी कशी आहे, हे पाहायला साधने लागत नाहीत. चेंडूवर मार्करने एक पट्टा रंगवा. तो हवेत स्थिर रेषेसारखा दिसला तर फिरकी स्वच्छ, डुगडुगला तर बोटे चेंडूच्या बाजूने घसरत आहेत.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखावत नाही, ही समजूत इतकी रुजली आहे की एकाच मुलीकडून दिवसात तीन-तीन सामने टाकून घेताना कोणालाच काही वाटत नाही. मोजमापे वेगळेच सांगतात. विंडमिलमध्ये हात खाली येताना खांद्याचा सांधा खेचून काढू पाहणारे बल शरीराच्या वजनाच्या जवळपास पोहोचते, आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला तर वरून टाकण्यापेक्षाही जास्त काम पडते. पिचर मुलींचा खांदा पुढून दुखतो तो यामुळेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानने सुवर्णपदक जिंकले, हे उदाहरण अशा वेळी तोंडावर फेकले जाते. उएनो तेव्हा २६ वर्षांच्या, पूर्ण वाढ झालेल्या, वर्षानुवर्षे घडवलेल्या खेळाडू होत्या आणि तो ऑलिंपिकचा शेवट होता. दहा वर्षांच्या मुलीच्या हाडांची वाढीची टोके अजून मिटलेली नसतात, आणि तिचा सामना एखाद्या रविवारचा असतो.

बेसबॉलमध्ये ‘लिटल लीग’ या मुलांच्या अमेरिकी संघटनेने मुलांसाठी चेंडूंची मर्यादा २००७ पासून घातली. सॉफ्टबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी ती अजून प्रशिक्षकाच्या सदसद्विवेकावर सोडलेली आहे. क्रीडावैद्यकाच्या मार्गदर्शनात सुचवलेले आकडे साधारण असे : ८ ते १० वर्षे, एका सामन्यात ५० आणि दिवसाला ८०, १० ते १२ वर्षे, ६५ आणि ९५, १३-१४ वर्षे, ८० आणि ११५, १५ च्या पुढे, १०० आणि १४०. सलग दोन दिवस टाकल्यावर बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. यात सामन्याआधीचे चेंडूही धरावेत, असा आमचा आग्रह आहे, कारण खांद्याला ते वेगळे मोजता येत नाहीत. संख्या गाठण्याआधीच दमल्याच्या खुणा दिसल्या तर थांबवावे : पाऊल आखूड होणे, चेंडू एकामागून एक वर जाणे, दोन चेंडूंमधला वेळ वाढणे, मुलीने हात झाडणे. खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराखाली दुखते असे तिने म्हटले, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी पिचिंग संपले. दुसऱ्या सकाळीही दुखत असेल तर डॉक्टर. बर्फ लावून पुढच्या सामन्यात उतरवणे हा उपचार नव्हे.

संघात एकच पिचर ठेवणारा प्रशिक्षक या मर्यादा पाळूच शकत नाही, हे उघड आहे. दहा वर्षांखालील गटात प्रत्येक संघाने निदान तीन मुलींना वर सांगितलेल्या क्रमाने शिकवावे आणि आयोजकांनी नावनोंदणीच्या वेळीच तीन पिचरची नावे मागावीत. गुणलेखकाच्या तक्त्यात चेंडूंसाठी एक रकाना वाढवायला काहीच खर्च नाही. आणि आपण सामन्याचे निकाल छापता तेव्हा पिचरने किती बॅटर बाद केल्या याच्या शेजारी तिने किती चेंडू टाकले, तेही छापावे. पंधरा वर्षांखालील गटात तरी छापावेच. तो आकडा छापला जाणार आहे हे माहीत असेल, तर मुलीला पुन्हा पिचिंग प्लेटवर पाठवण्याआधी प्रशिक्षक तक्त्याकडे एकदा बघेल.

आपले,
सॉफ्टबॉल पिचिंगचे काही प्रशिक्षक